शेंग वाजायला लागली की

आमच्याकडे वर्षाचे गहू एप्रिलमध्ये भरतात. इंदूरला सुदामानगरच्या घरी आई होती तोवर हे काम तिच्याच हातचं. गच्चीवर जुनी लुगडी अंथरायची, गहू दोन दिवस उन्हात टाकायचे, निवडायचे, एरंडेलाचा हात फिरवायचा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचे. घेताना मात्र ती घाई करायची नाही. गोणीत हात कोपरापर्यंत घालून आतला दाणा काढायची, दाढेखाली धरायची. ‘कट्’ असं वाजलं तर घ्यायचे, नाही तर पुढच्या दुकानात.

आई गेल्यावर २०२३ च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा एकटी छावणीच्या धान्यबाजारात गेले. दाणा दाढेखाली धरला. वाजला. पण त्यावरून काय समजायचं ते मला कुठे ठाऊक होतं! जन्म माळव्यात गेला, रोज माळव्याचा गहू खाल्ला, आणि तो पिकताना एकदाही नीट पाहिलेला नाही. रस्त्याने जाताना गाडीच्या काचेतून हिरवं दिसलं, पिवळं दिसलं, एवढंच. त्या दिवशी गहू न घेताच घरी आले.

आमच्याकडे तीस वर्षं दूध घालणाऱ्या दादांची शेती हातोदच्या पुढे आहे, बारा बिघे. इकडे पाच बिघ्यांचा हेक्टर धरतात, म्हणजे सव्वादोन-अडीच हेक्टर. त्यांना म्हटलं, एक वर्षभर दर दुसऱ्या रविवारी तुमच्या बांधावर येऊन बसू का? पेरणीपासून कापणीपर्यंत नुसतं बघायचं आहे. दादा किटली हातात धरून बराच वेळ उभे राहिले. ‘आवजो ताई,’ म्हणाले, ‘पण देखोगा कँई?’

बघणार काय, हा प्रश्न बरोबरच होता.

पहिल्या दोन खेपांना मी खरोखरच काही पाहिलं नाही. जूनचा मध्य. विमानतळ आणि गांधीनगर मागे पडलं की दोन्ही बाजूंना काळी उघडी जमीन, तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा. मोबाइलवर शंभराच्या वर फोटो काढले आणि रात्री बघायला बसले तर सगळे सारखेच. तेव्हापासून मोबाइल पिशवीत राहिला. एक वही केली आणि जागा ठरवून टाकली. विहिरीजवळच्या बांधावर एक खाखरा आहे, म्हणजे आपला पळस. त्याच्याखाली, सकाळी सात ते नऊ, तोंड पूर्वेच्या वावराकडे. जागा आणि वेळ बदलली नाही तरच शेतात काय बदललं ते कळतं. कुणाला असं बघायचं असेल तर मी पहिलं हेच सांगेन.

त्या वर्षी माळव्यात मान्सून जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला. मला वाटलं, पाऊस पडला की पेरतात. दादा मात्र पहिल्या पावसाला हललेसुद्धा नाहीत. खंडवा रोडच्या सोयाबीन संशोधन संस्थेचे लोक सांगतात की साधारण चार इंच पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, नाही तर मधे उघडीप पडली की उगवलेलं जळतं. दादांचं माप त्याहून जुनं. टाचेने माती उकरायची, मुठीत दाबायची, वरून सोडायची. गोळा पडून फुटला तर ‘बतर’ आली, तसाच राहिला तर अजून चिखल आहे. आपण ज्याला वाफसा म्हणतो, तोच.

अशी शब्दांची जोडपी मग वर्षभर सापडत गेली. त्यांचा बक्खर, आपला वखर. त्यांचा खला, आपलं खळं. हिवाळ्यातल्या पावसाला ते मावठा म्हणतात, आपण मावठ. गव्हाची उंबी, आपली ओंबी. घरात मराठी आणि बाहेर हिंदी अशा दोन कप्प्यांत आम्ही इंदूरकर वाढलो. माळवी बोली या दोहोंच्या मधली, दोघींच्याही जवळची, आणि तिच्याकडे आम्ही फारसं लक्ष दिलं नाही याचं मला त्या बांधावर बसून मनापासून वाईट वाटलं.

जूनच्या अखेरीला पेरणी झाली. उताराच्या पाच बिघ्यांत लवकर येणारं सोयाबीन, खालच्या भारी जमिनीत उशिराचं. विहिरीजवळच्या दोन बिघ्यांत मका आणि घरापुरती भाजी. दादांची आई ऐंशीच्या पुढची, घरात सगळे तिला ‘बई’ म्हणतात. ती सांगते, तिच्या लग्नाच्या वेळी इथे सोयाबीन कुणी ऐकलेलंही नव्हतं. पावसाळ्यात थोडी ज्वारी असायची, उरलेली जमीन मोकळी ठेवून वखरत राहायचे आणि तिच्यात मुरलेल्या ओलीवर थंडीत गहू पेरायचे. सोयाबीन पसरलं ते १९७० नंतर. एका माणसाच्या आयुष्यात अख्ख्या माळव्याच्या पावसाळ्याचा रंग बदलला.

जुलै हिरवा गेला. ऑगस्टबद्दल वहीत थोडंच लिहिलं आहे, पण ते वाचताना आजही घसा कोरडा पडतो. २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. ते आकडे नंतर पेपरात आले. मला ते दिसलं पानांत. सोयाबीनला तहान लागली की दुपारी पानं उलटी होतात आणि वावर पांढुरकं दिसायला लागतं. त्या महिन्यात ते सकाळी आठलाच पांढुरकं दिसलं. बारीक जांभळी फुलं खाली पडलेली. दादांनी एक फूल उचलून तळहातावर ठेवलं आणि काही बोलले नाहीत. विहिरीत पाणी होतं, पण ते किती वावरांना पुरणार? त्या दिवशी मी नऊ वाजेपर्यंत थांबले नाही. दुसऱ्याची चिंता वहीत टिपून घेणं मला बरं वाटेना.

सप्टेंबरच्या मध्याला पाऊस आला तो असा की इंदूरचे रस्ते बुडाले. खालच्या वावरातलं उशिराचं सोयाबीन त्यावर उठलं. उतारावरच्या लवकरच्या पिकाला मात्र तो उपयोगाचा नव्हता, त्याचे दाणे आधीच बारीक राहून गेले होते.

आणि मग सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी ज्यासाठी आले होते ते पहिल्यांदा कळलं. उताराचं पीक पिवळं होऊन पानं गळाली होती, नुसत्या तांबूस शेंगा लगडलेल्या काड्या उभ्या होत्या. मला वाटलं झालंच, कापायचं. दादांनी बईला हाताला धरून आणलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकाचंच ऑपरेशन झालेलं. ती बांधावर उभी राहिली, वारा येईपर्यंत थांबली, आणि ऐकलं. मीही ऐकलं. काही नाही, नुसती सळसळ. ‘अबी दो दन ओर,’ बई म्हणाली.

मी दोन दिवसांनी मुद्दाम पुन्हा गेले, रविवार नसतानाही. वारा आला आणि सगळं वावर खुळखुळलं. लहान मुलाच्या पायातल्या वाळ्यासारखा बारीक आवाज, पण एकदम पाच बिघ्यांतून उठलेला. शेंगेतला दाणा वाळून सालीपासून सुटला की असा वाजतो. त्याच्या आधी कापलं तर दाणा ओला, बाजारात ओल धरून भाव कापतात. आणि नंतर? दादांनी दुपारी मला थांबवून घेतलं. ऊन तापल्यावर बांधाजवळच्या जास्त वाळलेल्या काड्यांतून तड, तड असा आवाज यायला लागला. शेंग पिळवटून फुटते आणि दाणे मातीत उडतात. म्हणजे खुळखुळ सुरू झाल्यापासून ही तडतड वाढेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यातच कापणी. एवढ्या काळात मजूर मिळाले पाहिजेत आणि पाऊस येता कामा नये.

कापणीला झाबुआकडची भिल्ल कुटुंबं आली होती, नवरा-बायको, म्हातारी आणि दोन मुलं. पहाटे, दव असतानाच सुरू करतात, कारण ओलसर शेंग फुटत नाही. दहा-अकराला थांबतात. मी वही घेऊन एका बाईला प्रश्न विचारायला गेले. तिने हातातली दराती, म्हणजे विळा, न थांबवता माझ्याकडे एकदा पाहिलं. ठेक्यावर बिघ्याने पैसे ठरलेले, तिचा एकेक मिनिट मोलाचा. मी वही ठेवली आणि पेंढ्या उचलून ढिगाशी न्यायला लागले. सोयाबीनची कापलेली खुंटं खिळ्यासारखी टोचतात, चपलेतूनही. तासाभरात माझ्या घोट्यांवर ओरखडेच ओरखडे. त्या बाईचे पाय मी तेव्हा पाहिले. विश्रांतीला बसल्यावर तिने आपणहून सांगितलं की घरी मका आणि उडीद आहे, तो म्हाताऱ्यांनी काढला असेल. आपलं पीक मागे ठेवून ती दुसऱ्याचं कापायला आली होती, कारण रोख पैसा इथे.

पितृपक्षाचे दिवस होते. संध्याकाळी गावात गेले तर घराघरांच्या भिंतींवर शेणाने संजा काढलेली, वर झेंडू आणि गुलतेवडीच्या पाकळ्या. रोज नवी आकृती, शेवटी किलाकोट, आणि मग विसर्जन. मुली गाणी म्हणत होत्या. आजोळी खानदेशात भाद्रपदातच भुलाबाई मांडायचे ते आठवलं. आकृती वेगळी, गाणी वेगळी, पण वाट बघणं तेच: पिकं उभी आहेत, घरात अजून काही आलेलं नाही, आणि मुली दारात गातायत.

उताराला बिघ्यामागे दीड क्विंटल निघालं, खालच्या वावरात अडीच. दादा म्हणाले, खाली चार व्हायला पाहिजे होतं. यावर मी काय बोलणार?

खळं मोकळं व्हायच्या आत जमीन पुन्हा तयार करायला घेतली. मला वाटायचं कापणी म्हणजे शेवट, नंतर जरा उसंत. तशी उसंत मला वर्षभरात कुठेच दिसली नाही. सियालू, म्हणजे खरिपाचं पीक निघतं तेव्हाच उन्हालूची, म्हणजे रब्बीची ओल राखायची घाई असते. दिवाळीच्या सुमारास उताराला पाणी देऊन ‘पूर्णा’ गहू पेरला, खालच्या वावराच्या एका भागात हरभरा, उरलेल्यात लसूण आणि बटाटा. विहिरीजवळच्या दोन बिघ्यांत घरचा मालवी गहू, म्हणजे उकडून भाजायच्या बाफल्यांचा. त्याचं बी ‘पुसा तेजस’, इंदूरच्याच गहू संशोधन केंद्रात तयार झालेलं. तो पेरायला मात्र उशीर झाला. नोव्हेंबर सरताना मावठा झाला, जमीन वाफशावर यायला वेळ लागला आणि डिसेंबर उजाडला. मी हळहळले. दादा म्हणाले, होऊ दे, होळीला उंबी हिरवी मिळेल.

थंडीतल्या खेपा मला सगळ्यात आवडल्या. जानेवारीत सकाळी सातला समोरचं काही दिसत नाही, धुक्यात मोटारीचा आवाज तेवढा. शेतीची लाईट बरेचदा रात्रीची, त्यामुळे दादांचा मुलगा रात्रभर बारे देऊन सकाळी शेकोटीपाशी झोपलेला असे. आम्ही शहरात लाईट गेली की दहा मिनिटांत फोन करतो. हा मुलगा ती येण्याची वाट बघत दोन वाजता ओल्या मातीत अनवाणी उभा राहतो. पोळी खाताना हे आठवतं आता.

हरभऱ्याच्या वावराची एक गोष्ट मला बईने दाखवली. पहाटे पांढरं धुतलेलं फडकं हरभऱ्यावरून हलक्या हाताने ओढत नेलं आणि भांड्यात पिळलं. निघालं ते आंबट पाणी, आंब. पानांवरची बारीक लव आम्ल सोडते, ते दवात उतरतं. माझी आजी पोटदुखीवर ही आंब द्यायची. बाटलीतली. ती पानावर असते हे मी बासष्टाव्या वर्षी पाहिलं. जीभ लावली आणि आजीचं स्वयंपाकघर समोर उभं राहिलं.

फेब्रुवारीपासून मी प्रत्येक खेपेला एक ओंबी मोडून दाणा दाबायची. वहीत त्याच्या नोंदी तेवढ्या मी तारखेवार ठेवल्या. आधी दाबल्यावर हिरवट पाणी. मग दूध, बोटाला चिकटणारं, गोडसर. पंधरा दिवसांनी दूध घट्ट होऊन चीक, हुरड्यासारखा. मग दाणा मऊ कणकेसारखा, नखाची खूण उमटते आणि राहते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात नख टेकवलं तर खूण उमटेना. शेवटी दात. दाताखाली आधी तो दबतो, मग वाकतो, आणि एके दिवशी वाजतो. वाजतो तेव्हा त्यातलं पाणी इतकं कमी झालेलं असतं की तो कोठीत वर्षभर टिकेल. तज्ज्ञ सांगतात बारा टक्क्यांच्या आत ओल हवी. आईकडे टक्के नव्हते, दाढ होती. त्या रविवारी खाखऱ्याखाली, केशरी फुलांचा सडा पडलेला असताना, दाणा वाजला आणि मला रडू आलं. दादा बाजूला जाऊन मोटारीशी काहीतरी करत राहिले.

गव्हाचं वावर पिकतं तेव्हा आवाजही बदलतो. हिरव्या गव्हातून वारा गेला की पाण्यासारखा, मऊ. पिकल्यावर कागद चुरगळल्यासारखा, कोरडा. डोळे मिटून ऐकलं तरी आता फरक कळतो.

पूर्णा गहू १७ मार्चला निघाला, आणि तो काढायला दादांना निवड नव्हती. पंजाबातून आलेला हार्वेस्टर गावात चार दिवस होता, आपला नंबर लागेल तेव्हा वावर द्यायचं. वरच्या कोपऱ्यातला एक पट्टा माझ्या दाताला अजून ओलसर लागत होता. मी सांगितलं. दादांनाही तो ठाऊकच होता. ‘मशीन परत नी आवे,’ ते म्हणाले. दव उडून जायची वाट पाहत अकरा वाजवले, तेवढंच हातात होतं. मग तासाभरात पाच बिघे आडवे. शेवटचा पट्टा उभा राहिला तेव्हा त्यातून तित्तर, उंदीर, एक ससा असे सगळे एकामागून एक बाहेर पळाले, आणि वर घारी.

संध्याकाळी यशवंतसागराच्या बाजूने सारसांची जोडी त्याच मोकळ्या वावरात उतरली, सांडलेला दाणा टिपत. या तलावाला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि या भागात सारस टिकून आहेत ते बरंचसं त्याच्या आणि आसपासच्या शेतांच्या आधारावर. त्यांना वावर लागतं, उभं आणि कापलेलंही. मागच्या बाजूला कुणीतरी नरवाई पेटवली होती, म्हणजे हार्वेस्टरने सोडलेली खुंटं. धुराची भिंत सरकत होती. बंदी आहे, तरी पेटवतात. दादा पेटवत नाहीत. भुसा काढून घेतात, उरलेलं शेणाबरोबर उकिरड्यात जातं. काडीकचरा, शेण आणि माती थरांनी रचून, वेळेवर उलथून खत करायची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली ती याच शहरातून. १९२४ ते १९३१ इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथे होते, आजचं कृषी महाविद्यालय आहे त्या जागी. भारतातल्या शेतकऱ्यांकडून आपण शिकलो हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. आणि त्याच इंदूरच्या वेशीवर काडी जळते, त्याने जीव कळवळतो.

होळीला, २४ तारखेला, मालवी गव्हाच्या ओंब्या दादा म्हणाले तशा हिरवट होत्या. बईने त्यांची जुडी काठीला बांधून जाळात धरली आणि सगळ्यांना चार-चार दाणे वाटले. धुराचा वास, आत मऊ आणि गोड. हुरड्याची सवय असलेल्या जिभेला ते ओळखीचं वाटलं.

तो दोन बिघ्यांचा गहू हाताने कापायचा होता, कारण गाईंना चांगला भुसा हवा आणि बी स्वच्छ राहायला हवं. सात एप्रिलला मी पहाटे पाचलाच पोचले. यावेळी दराती मलाही दिली. डाव्या हाताची मूठ किती धरायची ते कळेपर्यंत तासभर गेला. घरचेच लोक, त्यामुळे बोलणं चालू होतं, पण मधे मधे सगळे गप्प व्हायचे आणि नुसता सर्र, सर्र आवाज राहायचा. दुसऱ्या दिवशी थ्रेशरमधून पहिलं पोतं निघालं. बई खाटेवर बसली होती. तिने ओंजळभर दाणे घेतले, कानाशी नेऊन खुळखुळवले, मग त्यातला एक मला दिला.

‘कँई बोले हे?’

मी दाढेखाली धरला. वाजला, पण आवाज थोडा जाड होता.

‘अजून एक ऊन लागेल,’ मी मराठीतच म्हटलं.

बईने मान हलवली आणि सुनेला ताडपत्री पसरायला सांगितली.